गळत्या नळाचा कौल

बाबा, गेल्या आठवड्यात आईने गळता नळ बंद केला आणि साहेबाच्या घरातला पाइप फुटला. तुम्ही असतात तर पहिल्या अर्ध्या वाक्यावर खूश झाला असतात आणि उरलेलं ऐकायला थांबला नसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो की चूक तिची नव्हती. मी आता सिमल्याला असतो. परळ सोडल्यावर कुठे टिकलो नाही, गोदीत राहिलो, दिल्लीत एका ठेकेदाराकडे पाइप ओढले, तिथे भांडलो आणि वर आलो. इथे दिल्लीच्या एका साहेबाचा लाकडी बंगला आहे. साहेब मंडळी दिवाळी झाली की खाली उतरतात ती होळीनंतर येतात. मधले महिने बंगला माझा, म्हणजे त्याची राखण माझी. मागच्या बाजूला माझी खोली आणि स्वयंपाकघर. चोरांची भीती नाही, चोरसुद्धा थंडीत खाली जातात. माझी खरी नोकरी म्हणजे नळातलं पाणी जिवंत ठेवणं.

तुम्हाला हे पटणार नाही. आयुष्यभर गिरणीच्या बॉयलरखान्यात पाइपफिटर म्हणून काढलंत, तुमचे पाइप तापायचे, हात लावला तर कातडं सोलायचे. इथे उलटं. इथे पाणी पाइपात गोठतं आणि गोठताना फुगतं, आणि फुगलं की लोखंड उभं चिरतं, काकडी चिरावी तसं. म्हणून साहेब गेले की मी वरच्या मजल्याची लाइन बंद करतो, सगळ्या तोट्या उघडून ती कोरडी करतो, टाकीत थेंब ठेवत नाही. चालू ठेवतो ती फक्त स्वयंपाकघराची एक लाइन, आमच्यापुरती. तिला उत्तरेच्या भिंतीवर बाहेरून गोणपाट गुंडाळतो, पाइपाच्या वळणावरच्या खोक्यात लाकडाचा भुसा भरतो, आणि संध्याकाळी शेवटचा नळ सुतासारखा गळता ठेवतो. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. शेजारच्या बंगल्यावर एक म्हातारा पहाडी चौकीदार आहे, त्याने पहिल्या थंडीत मला शिकवलं. "ओ बंबईवाले, नल को सोने मत देना. सोया तो मरा." रात्रभर नळ गळता सोडायचा, मुद्दाम? माझा हात आपोआप तोटीकडे जायचा, बाबा. मी तो दुसऱ्या हाताने मागे ओढायचो. म्हाताऱ्याला वाटायचं, मला थंडीने कापरं भरलंय.

तो हात कुणी घडवला हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या मजल्याच्या टोकाला मोरी होती, तिथला नळ सगळ्या बिऱ्हाडांचा, पण त्याचे राखणदार तुम्ही होऊन बसला होतात. तुम्हाला तसं कुणी नेमलं नव्हतं. पाणी जायच्या सुमाराला शेवटचा हंडा बहुतेक आईचाच, कारण बाकीच्या बायका तिला ढकलून पुढे घुसायच्या आणि ती घुसू द्यायची. ती परत आली की तुम्ही उठून नळ बघायला जायचात. त्याचा वायसर झिजलेला होता, किती आवळला तरी थेंब धरायचाच. एक दिवस तुम्ही त्या थेंबाखाली आपला पितळी लोटा लावून ठेवलात. संध्याकाळी गिरणीतून आलात, चहासुद्धा घेतला नाहीत, तो भरलेला लोटा उचललात आणि गॅलरीतून दारोदार फिरलात. "बघा, माझ्या बायलेन आज ह्या पाणी फुकट घालवल्यान." लोक हसले, कुणी म्हणालं, माणूस कसला शिस्तीचा. आई दाराच्या आत उभी होती. मी तिच्याजवळ होतो. ती पदराने हात पुशीत होती, कोरडेच हात. बाबा, तुम्ही पाइपफिटर होता. चामड्याचे वायसर तुमच्या खिशात असायचे, मी त्यांच्याशी खेळायचो. तो एक वायसर बदलायला तुम्हाला किती वेळ लागला असता? मी एकदा विचारलं तेव्हा कानाखाली वाजवून म्हणालात, "चाळ मालकाची, नळ मालकाचो. मालकाचा काम मी फुकट कित्याक करू?" तत्त्वाचा माणूस. मालकाने तो वायसर कधी बदलला नाही, आणि तुमच्या तत्त्वाचा दंड आईने भरला. ती नळाला चिंधी बांधायची, दोन्ही हातांनी आवळायची, आवळून झाल्यावर परत एकदा जाऊन बघायची. पुढे तिला झोपेतही थेंब ऐकू यायला लागला.

आणि तरी तुमच्याबद्दल वाईट बोलायची सोय नाही, कारण तुम्ही चाळीचे पुढारी. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. तुम्ही मोर्चात पुढे, सभेला पुढे, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला. ज्या दिवशी लालबागच्या नाक्यावर अश्रुधूर सोडला, तो दिवस मला आत्ताही दिसतो. मी खिडकीत आहे. पोरं जिने चढून वर येताहेत, डोळे लाल, कुणी भिंतीला धरून ओकतोय. तुम्ही आपलं दार सताड उघडता, पिंपाचं झाकण काढता आणि ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसांचे डोळे स्वतःच्या हाताने धुता. आई जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून भिजवून देते आहे. एकाला तुम्ही म्हणता, "चोळू नको रे, नुसतो धू, धू." तुमचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकलेला नव्हता. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा माझा बाप आहे. हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंघोळीला बसलात आणि पिंप रिकामं. संचारबंदी होती, वरच्या मजल्यावर पाणी चढलंच नव्हतं. तुम्ही पिंपावर लाथ मारलीत. "घरात बायको असान पाणी नाय?" कालचं पाणी कुठे गेलं हे तिने सांगितलं नाही. हंडा घेऊन ती खाली रस्त्याकडेच्या नळावर गेली, आणि मी जिन्यातून बघतोय, शिपाई काठी आपटत तिच्या अंगावर येतो, ती वळते, हंडा जिन्याच्या कोपऱ्यावर आदळतो. अर्धा हंडा पाणी घेऊन ती वर आली. दंडाला खरचटलं होतं. तुम्ही बघितलंत. आणि त्या पाण्याने तुम्ही अंघोळ केलीत.

राज्य होण्याच्या थोडेच महिने आधी तुम्ही काविळीने गेलात. राज्य झालं त्या दिवशी चाळीतली माणसं आपल्या खोलीत आली, तुमच्या फोटोला हार घातला, म्हणाली, ह्यांनी हा दिवस बघायला पाहिजे होता. पेढा आईच्या हातावर ठेवला तेव्हा तिचा हात ओला होता, मोरीतूनच येत होती. लोक खाली नाचत होते. तिने फोटोपुढे पेढा ठेवला आणि हंडा उचलून परत गेली, कारण नळाची वेळ होती. त्यानंतर मी मुंबईत फार दिवस राहिलो नाही. चौथीत तुम्ही मला शाळेतून काढलंत, पाइपाला आटे पाडायला तुम्हीच थपडा मारून शिकवलंत, तेवढं घेऊन निघालो. तिला मागे टाकून निघालो, असं चाळ म्हणत असेल. म्हणू दे.

गेल्या उन्हाळ्यात ती हंड्यासकट जिन्यावरून पडली. गुडघा गेला. शेजारणीने कुणाकडून तरी लिहून घेऊन कार्ड टाकलं, मी जाऊन तिला घेऊन आलो. म्हटलं, आता जिना नाही, रांग नाही, कुणाची ढकलाढकल नाही. स्वयंपाकघरातला नळ मी तिला सोडून दाखवला. तिने धारेखाली हात धरून विचारलं, "दिवसभर येता?" "दिवसभर." "मगे हंयची बायलमाणसां करतत तरी काय?" मी एवढा हसलो की शेजारचा म्हातारा डोकावून गेला. तरी पहिले काही दिवस ती पहाटे उठून सगळी भांडी, पेले, वाट्यासुद्धा भरून ठेवायची. मी गोणपाट कापायला बसलो तर म्हणाली, हे काय, मढ्याला गुंडाळतात तसं? नळालाही थंडी लागते, असं मी म्हणालो. "नळाक थंडी वाजता, आणि माका नाय वाजत काय रे मेल्या?" पण तिने जुनी लुगडी उसवली, गोणपाटावर घातली, आणि पाइपाच्या मापाची लांबलचक गोधडी शिवली, धावदोऱ्याने, कडेला हिरवा काठ. आज ह्या बंगल्याच्या उत्तरेच्या भिंतीवर आईचं लुगडं नेसलेला पाइप आहे. म्हातारा चौकीदार येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. "देखो, बंबईवाली ने नल को दुल्हन बना दिया." ती हसली, तोंडाला पदर लावून. तुमच्या घरात ती अशी हसलेली मला आठवत नाही.

मग थंडी वाढली. तिला दिलेल्या पलीकडच्या खोलीत वारा शिरायला लागला म्हणून मी तिची बाज स्वयंपाकघरात आणली, शेगडीजवळ. एवढंच केलं. तोवर तिला गळत्या नळाचा आवाज पोचत नव्हता, आता उशाशी आला. नळ का गळता ठेवतो हे मी तिला नीट सांगितलं होतं, ती हो म्हणाली होती. सकाळी उठलो तर तोटी आवळलेली, अशी की मला दोन्ही हात लावावे लागले, आणि उघडली तर आत खडखडाट. मी कढत पाण्यात फडकी भिजवून पाइपाला लावायला लागलो, नळाच्या तोंडाकडून मागे मागे, वितळलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट मिळावी म्हणून. पण पाइप भिंतीतच चिरलेला होता. बर्फ असतो तोवर फुटलेला पाइप गप्प असतो, कळत नाही. ऊन चढलं, बर्फ सुटला आणि भिंतीपलीकडे साहेबाच्या जेवणाच्या खोलीत पाणी उडालं. मी बाहेरचा मोठा व्हॉल्व बंद करायला धावलो, तो थंडीने धरलेला, फिरेना. फिरला तोवर लाकडी जमीन भिजून गेली होती. त्या जमिनीच्या फळ्या आता फुगून कमानीसारख्या वर आल्या आहेत.

आत आलो आणि आईवर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती शेगडीच्या बाजूला भिंतीला लागून उभी राहिली, डोक्यावर पदर, हात पदराला पुशीत. माझ्याकडे नव्हे, बाबा, ती माझ्या मागे बघत होती, जणू मी नुसता आवाज आहे आणि माणूस मागून येतोय. मी विचारलं, सांगितलं होतं ना तुला? तर हळूच म्हणाली, "नळ गळत होतो रे. तेंका चलत नाय." चालत नाही. चालत नव्हतं म्हणाली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मधे एवढा देश पडला, आणि तिच्यासाठी तुम्ही अजून मोरीकडे नळ बघायला निघालेले आहात.

तो पाइप मी त्याच दिवशी कापून नवा तुकडा घातला, सांध्यांना सुतळी आणि सफेदा लावून. फळ्यांचं लपण्यासारखं नव्हतं म्हणून पोस्टात जाऊन साहेबाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "एक बार हो गया. दुबारा हुआ तो तुम भी जाओ और माताजी को भी ले जाओ." मी हे आईला सांगितलं नाही, पण तिला काय कळायचं ते कळलं. तिने पेटी भरली. "माका गाडयेत बसव. परळात नळ बंद केलो तर कोण वरडणा नाय." मी म्हटलं, त्या जिन्यावर मरशील. ती म्हणाली, मरेन तर आपल्या नळावर मरेन. राहा म्हणायचं तर रोज संध्याकाळी नळ गळता ठेवावा लागणार, आणि तो गळताना ती डोळा मिटणार नाही. बाज परत तिच्या खोलीत टाकावी तर गारठून मरेल. म्हाताऱ्या चौकीदाराने सुचवलं म्हणून तोटीला सुतळी बांधून खाली सोडली, धार सुतळीवरून उतरते, आवाज होत नाही. ती बाजेवर उठून बसली. "आवाज गेलो, पण पाणी जाता मा?" मी हात जोडले, रागावलो, तिच्या पायाशी बसलो. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. ती फक्त म्हणत होती, माझ्या हातात नाही रे. काही दिवस मीच नळाजवळ बसून जागा राहिलो. पण असं किती दिवस चालणार?

मग परवा दिवेलागणीला ती स्वतःच म्हणाली, "कौल घेवया." आपल्या कोकणातल्या देवळात लावतात तसा. देवाला दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, उजवा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. मी म्हटलं, इथे देव कुठला? तिने तुमचा फोटो दाखवला. मुंबईहून आणलाय, स्वयंपाकघरात शेगडीपासून लांब, उत्तरेच्या भिंतीवरच्या खिळ्यावर असतो. तिने काच पुसली, तुमच्या उजव्या खांद्यावर एक तांदूळ लावला, डाव्या खांद्यावर एक. हात जोडले. "व्हय म्हाराजा, हंय थंडी लय. नळ गळतो ठेवचो लागता. तुमका चलात काय नाय ता सांगा." मी मागे चहाचा पेला धरून उभा. डावा पडला असता तर सकाळी ती निघाली असती, हे तिने आधीच सांगितलं होतं. आम्ही वाट बघत राहिलो. उजवा पडेना, डावाही पडेना. मी वाकून बघितलं. काच इतकी गार होती की दाण्याखालचं पाणी गोठलं होतं, दोन्ही दाणे काचेला धरून बसले होते. तुमचं नेहमीचंच, समोरचं माणूस ताटकळत उभं आणि तुम्ही गप्प. तिचे डोळे मिटलेले. ओठ हलत होते, गाऱ्हाणं परत पहिल्यापासून चाललं होतं. पेल्याने माझा अंगठा तापला होता. तो मी तुमच्या उजव्या खांद्यावरच्या दाण्यावर टेकवला, बर्फ सुटेपर्यंत धरला, आणि काढून घेतला. दाणा घसरला.

"पडलो?" तिने डोळे न उघडता विचारलं. "पडला." "खंयचो?" "उजवा." तिने डोळे उघडले, खाली बसून चाचपडत तो दाणा शोधला, कपाळाला लावला, पदराच्या टोकाला गाठीत बांधला. मग उठून नळाकडे गेली आणि स्वतःच्या हाताने तो सोडला, सुतासारखा, माझ्यापेक्षा नीट. पेटीतली लुगडी काढून दांडीवर टाकली. तिचा चेहरा असा मोकळा झाला होता की मला तिथे उभं राहवेना. "बघलंस?" ती मला म्हणाली. "उगाच बापाशीक नावां ठेवतस. नीट इचारला तर तेंनी कधी नाय म्हणाक नाय."

मी एवढं समजावलं ते फुकट गेलं. तुमच्या खांद्यावरून एक दाणा पडला आणि ती राहिली. त्या रात्रीपासून गाढ झोपते, नळ गळतोय, साहेबाचा पाइप शाबूत आहे, आणि घरात समजूतदार नवरा म्हणून तुमचं नाव निघतंय. मी तुम्हाला तिच्या डोक्यातून काढायला तिला इतक्या लांब आणली होती. हे पत्र टाकायचं तर कुठे टाकू? परळच्या पत्त्यावर टाकलं तर शेजारीण आईचं म्हणून इकडेच पाठवील, आणि आई ते मलाच मोठ्याने वाचायला लावील. तेव्हा ते इथेच राहील. एक मात्र तुम्हाला सांगतो, तिला सांगणार नाही. तिने तसं म्हटलं तेव्हा, अंगठा अजून ओला असताना, क्षणभर मलाही वाटलं की तुम्ही हो म्हणालात. बरं वाटलं मला, बाबा. त्याचाच राग अजून उतरत नाही.